टप कापलेली एल्डोराडो

गाडी आमच्या फाटकातून आत आली त्या दिवशी सरदेसाई साहेबांनी सोबत नारळ आणला होता. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात नारळ फुटायचा तो फक्त चटणीसाठी. दारापुढे किंवा गाडीपुढे कधी नाही. पप्पा हे आल्यागेल्याला अभिमानाने सांगत. पण त्या दिवशी साहेब नारळ हातात घेऊन म्हणाले, "इंगळे, चांगलं काम आहे, एक फोडून टाकू." पप्पा नुसते हसले आणि बाजूला सरकले. साहेबांनी पुढच्या चाकापाशी नारळ आपटला, पाणी तापलेल्या सिमेंटवर पसरलं आणि बघता बघता वाळून गेलं. आई जाळीच्या दारामागून पाहत होती. साहेब गाडीभोवती फिरून पप्पांना काहीबाही दाखवू लागले तेव्हा ती बाहेर आली, दोन्ही भकलं उचलली, पदराने पुसली आणि आत नेली. दुपारी पानात त्याच नारळाची चटणी होती. साहेबांनी ती दोनदा मागून घेतली.

आम्ही तेव्हा मस्कतच्या अझैबात राहत होतो. आजही मी अझैबातच राहते, पण तेव्हाचं अझैबा वेगळं होतं. घरं विरळ, मधे वाळूचे मोकळे तुकडे, त्यांत बकऱ्या आणि वाऱ्याने उडत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. जुना विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना बोलणं थांबवावं लागे आणि ते गेलं की अर्धवट वाक्य पुढे सुरू करावं लागे. आमच्याकडे पाहुणा आला की तो दचके, आणि आम्ही चौघं घास हातात धरून शांतपणे थांबलेलो असू. चौघं म्हणजे पप्पा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ राहुल. पप्पांच्या कंपनीने एका व्हिलाचा मागचा अर्धा भाग आम्हाला दिला होता. एसीची घरघर, त्याचं पाणी ठिबकून बादलीत पडल्याचा आवाज, मशिदीतली बांग आणि सकाळी आईची वंदना, हे आमच्या घराचे आवाज. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पप्पांचं इंजिनियरिंगचं प्रमाणपत्र. आई वऱ्हाडातली. ज्वारीचं पीठ मिळालं नाही की तिला घर परकं वाटायचं. कुणी सुट्टीवरून परत येणार असलं की ती पीठ आणि काळा मसाला मागवायची, आणि ते संपेपर्यंत तिचा आवाजसुद्धा बदललेला असायचा.

पप्पा पुलांचे इंजिनियर. ओमानातल्या वाद्या म्हणजे वर्षभर कोरड्या पडलेल्या नद्या, पण डोंगरात पाऊस झाला की त्या रस्ता, गाड्या सगळं घेऊन जातात. त्या वाद्यांवर पप्पा पूल बांधत. डोंगरात सुरुंग लावण्याच्या कामावर तरुणपणी बरीच वर्षं गेल्याने त्यांना कमी ऐकू यायचं. मराठी त्यांना ओठांवरून कळे. इंग्रजी, त्यातही हळू आवाजातलं, मुळीच कळत नसे. ऑफिसात ते हे लपवत. घरी त्यांना लपवायची गरज नव्हती. फोनवर कुणी इंग्रजीत बोललं की ते रिसीव्हर माझ्याकडे देत, मी ऐकून मराठीत सांगे आणि त्यांचं उत्तर इंग्रजीत करून परत फोनमध्ये घाले. मी इंडियन स्कूलमध्ये नववीत होते आणि मैत्रिणींशी इंग्रजीतच बोलायची. पप्पांना माझ्या इंग्रजीचं फार कौतुक होतं. "आमची विशाखा म्हणजे माझे कान आहेत," असं ते लोकांना सांगत.

सरदेसाई साहेब कंपनीचे हिशेब बघत, हुद्द्याने पप्पांचे वरिष्ठ. पुण्याचे, एकटे राहणारे. बायको मुलाच्या शिक्षणासाठी भारतात. पहिल्यांदा ते आमच्याकडे जेवायला येणार म्हटल्यावर आईने पप्पांना विचारलं होतं, "अहो, आपल्याकडे ते पाणी तरी पितील का?" पप्पा चिडले. म्हणाले, "हे गाव नाही, मस्कत आहे." पण साहेब आले तेव्हा पप्पांनी पाण्याचा ग्लास स्वतः नेऊन दिला आणि ते पितात की नाही हे पाहत उभे राहिले. साहेब प्यायले, मग आईच्या हातचा पाटवडीचा रस्सा घाम पुसत खाल्ला आणि म्हणाले, "वहिनी, असं जेवण मी घर सोडल्यापासून जेवलो नाही." त्यानंतर जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी ते यायला लागले. साहेब गेल्यावर पप्पा बराच वेळ टेबलापाशी बसून राहत, साहेबांचं रिकामं ताट समोर असताना. "बघ, काही ठेवलं नाही पानात," असं ते आईला म्हणत. त्या आनंदात काय काय मिसळलेलं होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. आज ते आठवलं की मान खाली जाते, आणि ती पप्पांसाठी जाते की आणखी कुणासाठी, हे अजून नीट सांगता येत नाही.

निवृत्त होऊन पुण्याला जायच्या आधी साहेबांनी आपली गाडी पप्पांना विकली. ती एल्डोराडो होती. अमेरिकेत श्रीमंतांसाठी बनवलेली, पांढरी, आत लाल कातड्याच्या सीटा, दोनच दारं आणि इतकी लांब की आमच्या फाटकात ती उभी केली तर मागचा भाग रस्त्यावर राही. आणि वर टप नाही. पूर्ण उघडी. साहेब म्हणाले होते की मूळ कापडी टप आणि तो दुमडायची यंत्रणा इथल्या उन्हात कुजली म्हणून काढून टाकली. नाहीतरी या देशात पाऊस पडतो कुठे? पप्पांना ते पटलं. पुण्यात फ्लॅट घेण्यासाठी आईने जे बाजूला ठेवायला लावलं होतं, ते त्या गाडीत गेलं. आई एवढंच म्हणाली, "तुमची हौस आहे, तर घ्या." पण पप्पांच्या दृष्टीने ती हौस नव्हती. त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, लग्नाच्या दिवशी गावात घोड्यावरून खाली ओढलं होतं. नवरदेवाने चपला हातात घेऊन चालत जावं असं सांगितलं गेलं होतं आणि ते तसे गेले होते. पप्पांनी हे मला फक्त एकदाच सांगितलं, गाडी चालवताना, वाऱ्याचा आवाज असताना, म्हणजे मला उत्तर द्यावं लागणार नाही अशा वेळी. "उघड्या गाडीत बसलं की माणूस सगळ्यांना दिसतो," ते म्हणाले.

गाडीचा इतिहास ते साहेबांकडून ऐकून शिकले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला चहा येईपर्यंत तो ऐकावा लागे. एल्डोराडो म्हणजे स्पॅनिश लोक शोधत फिरले ती सोन्याची नगरी. एकेकाळी या गाडीच्या मागच्या बाजूला माशाच्या परासारखे उंच पंख असत. आपली त्यानंतरची, पंख गेल्यावरची. पण आठ लिटरचं इंजिन, आणि एवढी मोठी असून पुढच्या चाकांवर चालणारी. आणि मुख्य गोष्ट ते शेवटी सांगत, आवाज खाली आणून: उघड्या टपाची ही शेवटची. कारखान्याने तेव्हा जाहीरच केलं होतं की यापुढे अमेरिकेत उघडी गाडी बनणार नाही. लोकांनी रांगा लावून घेतल्या, न चालवता गॅरेजमध्ये झाकून ठेवल्या. "आज नाही, पण विशू डॉक्टर होईल तेव्हा या गाडीला काय मोल येईल, सांगता येत नाही," असं म्हणून ते बॉनेटवर हात ठेवत.

मी डॉक्टर झाले नाही. आणि हल्ली फोनवर दोन बोटं फिरवली की हा सगळा इतिहास समोर येतो, त्याचा शेवटचा भागही. काही वर्षांतच अमेरिकेत उघड्या गाड्या पुन्हा निघाल्या. ज्यांनी शेवटची म्हणून जपून ठेवली होती ते खट्टू झाले. इतक्या जणांनी ती इतकी जपली की ती दुर्मीळ झालीच नाही. आजही संग्राहकांच्या बाजारात खऱ्याखुऱ्या उघड्या एल्डोराडोला तिच्या रुबाबाच्या मानाने फारसं कुणी विचारत नाही. पप्पा आम्हाला तो इतिहास सांगत होते तेव्हाच तो जुना आणि चुकीचा झालेला होता. पण आमच्या घरी तो कोण दुरुस्त करणार?

त्या गाडीतून आम्ही खूप फिरलो, हे मला मान्य करायला हवं. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पप्पा आम्हाला मत्रहला न्यायचे. समुद्राच्या कडेने रस्ता वळायचा, बंदरातली जहाजं दिसायची, आणि तिथल्या सूकमधले, म्हणजे बाजारातले, जुने गुजराती व्यापारी दुकानाच्या पायरीवर येऊन पाहायचे. पप्पा हलव्याचा डबा घ्यायचे, गुलाबपाण्याचा आणि केशराचा वास मागच्या सीटवर आमच्याभोवती भरून राहायचा. राहुल उभा राहून ओरडायचा. आईसुद्धा डोक्यावरचा स्कार्फ सोडून केस उडू द्यायची. फक्त दोन गोष्टी त्रास देत. दारं नीट लागत नसत; ती थोडी वर उचलून मग ढकलावी लागत. आणि खराब रस्त्यावरून, वादीच्या दगडगोट्यांतून गेलं की पुढची काच तडकायची. पप्पा म्हणत, "गर्मी आहे. काच फुगते." नवी काच अमेरिकेहून यायला महिने लागत, तोवर आम्ही तडकलेल्या काचेतून जग बघायचो.

मग समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. पप्पांनी नाव दिलं. आठवडाभर ते कातड्याला तेल चोळत होते. त्यांनी ऑफिसातल्या मराठी कुटुंबांना आमंत्रण दिलं, लग्नाला बोलवावं तसं फोन करून. पाटणकर काका-काकू आले, आणखी तीन-चार घरं आली. त्यांची मुलं माझ्याच शाळेतली. आईने कांजीवरम नेसली होती, पप्पांनी टाय लावला होता, आणि मला नवा पंजाबी ड्रेस. गाडी इतर गाड्यांच्या रांगेत उभी होती आणि खरं सांगते, ती सगळ्यांत सुंदर दिसत होती.

परीक्षकांमध्ये सालिम नावाचे एक वयस्क ओमानी गृहस्थ होते. पांढरी स्वच्छ पायघोळ दिशदाशा, डोक्याला बांधलेला मुसर, हातात बारीक काठी. ते तरुणपणी अमेरिकेत शिकले होते आणि स्वतः बऱ्याच जुन्या गाड्यांचे मालक होते. ते आमच्या गाडीपाशी आले, पप्पांशी हात मिळवला, मग वाकून दारांच्या फटी पाहिल्या. मागच्या सीटमागे हात घालून पत्र्याची कड चाचपली. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात डॅशबोर्डवर एक लहान पट्टी असते, तिच्यावर गाडीचा नंबर कोरलेला असतो. तो त्यांनी चष्मा वर करून वाचला, आणि पुन्हा वाचला. पप्पा त्यांच्यामागे दोन पावलांवर हात मागे बांधून उभे होते, निकालाच्या दिवशी उभं राहावं तसे. सालिमसाहेब सरळ झाले आणि अगदी हळू आवाजात इंग्रजीत काही बोलले. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुमच्याशी थोडं आत जाऊन बोलायचं आहे. कॉफी घेता घेता."

पप्पांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, बक्षिसाचं आहे. ते मोठ्याने म्हणाले, "आत कशाला? इथेच सांगा म्हणावं. सगळे आपलेच आहेत."

मी ते इंग्रजीत सांगितलं. सालिमसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आमच्याभोवती जमलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं की नक्की का. पप्पांनी जोरात मान हलवली. "प्लीज, सर. प्लीज."

मग ते बोलले. ते बोलत होते इतक्या सभ्यपणे की आमच्यापैकी कुणालाच सुरुवातीला त्यात काही वाईट आहे असं वाटलं नसेल. ही गाडी उघड्या टपाची म्हणून बनलेली नाही. ही बंद टपाची एल्डोराडो आहे आणि तिचा टप कुणीतरी नंतर करवतीने कापलेला आहे. नंबरात ज्या जागी सहा असायला हवा तिथे चार आहे. त्या काळी उघड्या गाडीला मागणी होती म्हणून असं पुष्कळ ठिकाणी केलं जाई. मेळाव्यात तिला उघड्या गाड्यांच्या वर्गात धरता येणार नाही, त्याबद्दल ते दिलगीर आहेत.

पप्पांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं होतं, आणि आता माझ्या ओठांकडे पाहत होते. "सांग की," ते म्हणाले, अजून हसत.

मी सांगितलं. मराठीत, मोठ्याने, कारण मोठ्याने सांगितल्याशिवाय त्यांना ऐकू येत नसे. "पप्पा, ते म्हणतायत की ही खरी उघडी गाडी नाही. बंद होती. वरचा टप कापलाय." सालिमसाहेबांचं हळू बोलणं मागे उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांना ऐकूच आलं नसावं. माझं आलं.

"चुकतायत ते," पप्पा म्हणाले. मग थेट त्यांच्याकडे वळून इंग्रजीत, चढ्या आवाजात, "सर, यू आर मिस्टेकन. आय ॲम अ ब्रिज इंजिनियर, सर. आय नो स्ट्रक्चर."

सालिमसाहेबांनी डोळे खाली केले. म्हणाले, मग रस्त्यावर तुम्हाला ते जाणवलं असेल. दारं खाली बसतात आणि काच तडकते, नाही का?

"काय म्हणाले?"

मला ते सांगवेना. पण पप्पांनी माझा दंड धरला आणि पुन्हा विचारलं, आणि मी सांगितलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आधी राग होता. मग काहीतरी आत हललं आणि राग गेला, आणि त्या जागी मी त्यापूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. ते गाडीकडे बघायला लागले, तिच्या मधोमध, दारांच्या खाली. त्यांना कळलं होतं. कुणी पटवून देण्याची गरज उरली नव्हती. तेवढ्यात मागून पाटणकर काकांचा आवाज आला, गंमतीचा, ताण हलका करायचा म्हणून असेल, "अहो इंगळे, म्हणजे ही टकलीच की!" आणि मुलं हसली. पाटणकर काकूंनी "अहो, गप्प बसा," म्हटलं, पण त्याही तोंडावर पदर घेऊन.

आम्ही लगेच निघालो नाही. निघणं वाईट दिसलं असतं. आम्ही हिरवळीवर गाडीशेजारी उभे राहिलो, लोक येत-जात राहिले, काहींनी फोटो काढले, पप्पा प्रत्येकाकडे पाहून मान लववत राहिले. सालिमसाहेबांनी आमच्यासाठी कहव्याचे, म्हणजे ओमानी कॉफीचे, छोटे पेले आणि खजूर पाठवले. आईने पेला हातात घेतला आणि तो थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

घरी परतताना आमच्या गाडीत टप नव्हता आणि लपायला जागा नव्हती. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने अंगठा वर करून दाखवला. पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

शाळेत ते नाव पोहोचलंच. मुलं मला इंग्रजीत विचारायची, "हाऊज बाल्डी?" मी हसून "फाइन" म्हणायची. आई मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आधीही फारशी जात नसे, आता तिला बोलावणं आलं तरी ती डोकं दुखतंय म्हणून सांगे. पप्पांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि तिच्या चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. एका शुक्रवारी सकाळी मी पाहिलं तर ते ताडपत्रीखाली गाडीखाली पाठीवर पडलेले होते, विजेरी घेऊन. बाहेर आले तेव्हा शर्टाला ग्रीस. त्यांनी मला बोलावलं आणि हलव्याचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका मागितला. झाकण लावलेला खोका माझ्या हातात देऊन म्हणाले, "पिळ." मी पिळून पाहिला, तो पिळला जाईना. मग त्यांनी झाकण काढलं. "आता पिळ." खोका माझ्या हातात सहज वाकडा झाला.

"एवढंच आहे," ते म्हणाले. "टप काढला की पेटी मऊ होते. मग दारं लटकतात, काच तडकते. कारखान्यात जी उघडी बनवतात तिला खालून जाड तुळया देतात. हिला नाहीत." त्यांनी खोका माझ्या हातातून घेतला. "पहिल्या वर्षाच्या मुलाने सांगितलं असतं मला. मी रोज तिच्यात बसत होतो, विशू."

मी म्हणाले, "साहेबांनी सांगायला हवं होतं."

"त्यांना काय ठाऊक," पप्पा लगेच म्हणाले. "ते हिशेबातले माणूस, त्यांना यातलं काय कळतं? त्यांनाही कुणीतरी फसवलं असेल."

मी पुढे पप्पांचाच विषय, इंजिनियरिंग, शिकले. तुळई, पेटी, पीळ, हे शब्द त्या अर्थाने मी पहिल्यांदा त्या सकाळी ऐकले. आज ऑफिसात नव्या मुलांना समजावताना मी कधीकधी खोक्याचंच उदाहरण देते, पण ते मला कुणी दिलं हे सांगत नाही.

पुढच्या वर्षी सरदेसाई साहेब मस्कतला आले, मुलाला नोकरी बघायला. त्यांचा फोन आला तेव्हा मीच घेतला. पप्पांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन जवळजवळ ओरडून सांगितलं, "शुक्रवारी जेवायला आमच्याकडेच, साहेब!" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मी करणार नाही," ती म्हणाली.

"सुमन, एवढं कर. मला त्यांना विचारायचंय. ते म्हणतील मला माहीत नव्हतं, आणि मग माझ्या मनातून जाईल."

आईने केलं. मटणाचा काळा रस्सा, भाकरी, भरीत, भात. साहेब आले, थोडे जाड झालेले, "वहिनी, वासानेच अर्धं पोट भरलं," म्हणत. माझ्या डोक्यावर हात ठेवून "बाळ, केवढी झालीस," म्हणाले. फाटकातून आत येताना त्यांना ताडपत्रीखालची गाडी दिसली असणारच, पण ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. मुलाबद्दल बोलले, पुण्यातल्या रहदारीबद्दल बोलले. वरून विमान गेलं, आम्ही थांबलो, विमान गेल्यावर पुन्हा तेच. पप्पांनी स्वतःच्या पानातलं काही खाल्लं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "साहेब, ती गाडी. ती कापलेली निघाली. मुळात बंद टपाची होती."

मी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला तिथे आश्चर्य बघायचं होतं. किंवा निदान खोटं आश्चर्य.

"अरे, म्हणजे?" ते म्हणाले आणि हसायला लागले. "तुला माहीत नव्हतं? तू इंजिनियर माणूस, मला वाटलं बघूनच घेतोयस!" त्यांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला. "आणि तुला एवढी हौस. मी कशाला तुझ्या आनंदावर पाणी ओतू? खरं सांगू का इंगळे, तुमच्यातल्या माणसाच्या दारात एल्डोराडो उभी राहिली, हे काय कमी आहे? टप असो नाहीतर नसो."

खोलीत एसीची घरघर होती. राहुल पप्पांकडे पाहत होता. आईचा वाढण्यासाठी पुढे आलेला हात भाताच्या भांड्यावर तसाच थांबला. आणि पप्पा हसले. मोकळेपणाने, डोकं थोडं मागे टाकून, साहेबांबरोबर हसले. "खरंय, साहेब," ते म्हणाले. "खरंय."

साहेबांनी आणखी भात मागितला. आईने वाढला.

जेवण झाल्यावर साहेब हात पुसत अंगणात आले. बाहेर दुपारचं पांढरं ऊन. त्यांनी ताडपत्री एका बाजूने उचलून पाहिलं आणि म्हणाले, "चालते ना अजून? चल, हिच्यातूनच सोड मला, रूवीत उतरलोय तिथे. मजा येईल. जुने दिवस."

पप्पांनी त्यांच्या हातातून ताडपत्रीची कड घेतली, खाली सोडली आणि तिच्यावर वीट ठेवली. "नाही, साहेब," ते म्हणाले. "टॅक्सी मिळेल कोपऱ्यावर."

"या उन्हात?"

"मिळेल. चला."

ते दोघं फाटकातून बाहेर पडले. मी आणि राहुल फाटकाच्या पत्र्याला चिकटून पाहत होतो. त्या वेळी शुक्रवारी दुपारी अझैबात टॅक्सी सहज मिळत नसे. साहेबांनी रुमाल डोक्यावर धरला. ते रस्त्याच्या कडेला हात दाखवत उभे होते, आणि पप्पा त्यांच्या शेजारी दोन पावलांवर. पप्पांनी हात वर केला नाही. ते साहेबांकडे बघतही नव्हते. बऱ्याच वेळाने नारिंगी-पांढरी टॅक्सी थांबली. साहेब काहीतरी म्हणाले, बहुधा येतो म्हणाले असतील. पप्पांनी मान हलवली नाही. टॅक्सी गेल्यावरही ते तिथेच उभे राहिले, अंगावर ऊन घेत, मग परत आले.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी वर्तमानपत्रात गाडीची जाहिरात दिली. पहिल्याच ओळीत त्यांनी मला लिहायला लावलं होतं की टप कापलेला आहे. आलेली माणसं ते वाचून हसत येत. एका हॉटेलवाल्याने दारात शोभेला ठेवायला म्हणून ती नेली. आज गाड्या जमवणाऱ्या मंडळींशी बोलताना मला कळतं की अशी कापलेली गाडी त्यांच्या लेखी जवळजवळ भंगार असते. पप्पा ते ऐकायला नाहीत. पण मला अजून त्रास होतो तो गाडीचा नाही, हिरवळीवरचाही नाही. त्या दिवशी साहेबांना टॅक्सीत बसवून पप्पा परत आले तेव्हा आई ओट्यापाशी होती. साहेबांचं ताट तिने घासायला घेतलं होतं. पप्पा दारात उभे राहिले, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, आणि त्यांनी विचारलं, "सुमन, मी हसलो का गं?"

आईने नळ बंद केला, त्यांना ऐकू यावं म्हणून. त्यांच्याकडे वळली, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत.

"हसलात," ती म्हणाली.

पप्पांनी मान हलवली, जणू साइटवरून कुणी मोजमाप कळवलं होतं आणि ते बरोबर होतं. मग हात धुऊन टेबलाशी बसले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. आईने तवा पुन्हा गॅसवर ठेवला आणि त्यांच्यापुरती एक भाकरी थापायला घेतली.